मांडी घातलेली भुतं

श्री बसवेश्वर प्रसन्न

शाहूपुरी, कोल्हापूर
६ सप्टेंबर २००४

चि. अमरेशला दानूअक्काचे अनेक आशीर्वाद. तिकडे थंडी पडायला लागली असेल तर स्वेटर बॅगेत न ठेवता अंगात घालावा, ही विनंती.

काल संध्याकाळी चन्नाप्पाकाकांचा गडहिंग्लजहून फोन आला. मला परत नांदायला न्यायचं ठरलं आहे. माझ्या सासूबाईंनी हे स्वतः काकांना सांगितलं, म्हणजे ही आता उडत आलेली बातमी राहिली नाही. दसरा झाला की पहिल्या रविवारी येतील. अप्पांनी लगेच दुकानातल्या कृष्णातला पेढे आणायला पाठवलं. जाता जाता त्यानं मला विचारलं, की अक्का, तुम्ही जाणार व्हय. घरातल्या कुणी ते विचारलं नाही.

तुला माहीत आहे तेच पुन्हा लिहिते, कारण इथं ते कुणापुढे बोलता येत नाही. तीन वर्षं त्या घरात पुरुषमाणसं दुकानाला गेली आणि सासूबाई मठात गेल्या, की माझ्या खोलीला बाहेरून कडी पडायची. मारहाण नाही, उपासमार नाही, मग तक्रार काय म्हणून सांगायची? तुझे दाजी राजशेखर म्हणायचे, घर रस्त्यावर आहे, काळजी वाटते. अव्वाही, आई असून, म्हणते की काळजीच असेल. मार्चमध्ये मी माहेरी आले ती गेले नाही. इथं कडी नाही. जिन्याच्या तोंडाशी अप्पांची खुर्ची आहे, फोनला कुलूप आहे, आणि आपल्या सुष्मिताला बघायला इचलकरंजीचे लोक येणार म्हणून मोठ्या बहिणीनं शक्यतो रस्त्यावर दिसू नये असं ठरलं आहे. म्हणून माझी पत्रं, तुमच्या खेळासाठी मी रंगवते त्या बोटभर धातूच्या भुतांच्या खोक्यातून येतात. खोकं कृष्णात पोस्टात टाकतो.

तुझं नवं पार्सल शनिवारी मिळालं. सहा मेलेले, एक कबर खोदणारा आणि एक कंदीलवाली बाई. सगळ्यांचे हातपाय सुटे. बाईचा कंदील पाकिटाच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा सापडला. कानशीनं कडा घासते, फेविक्विकनं जोडते (परवा माझी दोन बोटंही जोडली), मग एकेकाला दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर चिकटवून काळा हात देते. अंगाला करडा-हिरवा, खाचांत पातळ तपकिरी, आणि शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश हाडांवरून नुसता फिरवायचा. बरगड्या आपोआप वर येतात. रक्त लाल करायचं नसतं हे आता कळलंय. वाळलेलं रक्त काताच्या रंगाचं असतं. पायाखाली जाड रांगोळी, आणि वाळक्या गवताला नारळाचा काथ्या. ही घाण देवघराच्या भिंतीला लागून नको असं अव्वानं बजावलंय, त्यामुळे माझं दुकान रस्त्याकडच्या खिडकीत.

तुमचा खेळ मला अजून नीट समजलेला नाही. शिकलेली मोठी माणसं दर शनिवारी टेबलाभोवती उभी राहून फासे टाकतात आणि पट्टीनं मोजून भुतं पुढे सरकवतात, हे अप्पांना कळलं तर ते तुला परत बोलावून गुळाच्या अडतीवर बसवतील.

जेवण वेळेवर कर. माया आहे तेवढीच राहू दे, वाढली तरी चालेल.

तुझी
दानूअक्का


लीड्स
१९ सप्टेंबर २००४

ती. दानूअक्काच्या पायांवर अमरेशचं डोकं, स्वेटरसकट.

मागच्या महिन्यात तू पाठवलेली दोन भुतं काल पहिल्यांदा टेबलावर उतरली. माझ्या ऑफिसातला पीटर तुला माहीतच आहे. त्याचे हात आता थरथरतात, म्हणून त्याची भुतं तू रंगवतेस. त्यानं ती बराच वेळ बघितली आणि विचारलं की ही बसलेली का आहेत. बाकी सगळ्यांचे मेलेले शवपेटीतून आडवे, हात पसरून बाहेर येतात. तुझे मात्र खड्ड्यात मांडी घालून, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढून, छातीपर्यंत वर आलेले. मला आधी हसू आलं. मग सांगितलं, की आमच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात. सगळे पुन्हा वाकून बघायला लागले. मग पीटरनं अशी आणखी चार मागितली. त्यांच्यासाठी नवा नियमही झाला: ती जागची हलणार नाहीत, पण त्यांना ओलांडून कुणाला जाता येणार नाही. आता सगळे त्यांनाच सगळ्यात जास्त घाबरतात.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अप्पांशी बोलू का? मागे बोललो तेव्हा त्यांनी तुझ्याच हातात फोन दिला, आणि तू सगळ्यांदेखत मला सांगितलंस की पाऊस बरा आहे. रजा मार्चशिवाय मिळत नाही. एक मात्र केलंय. कालच्या खेळाचे फोटो अप्पांच्या नावे वेगळ्या पाकिटातून पाठवतोय. एकात पीटर तुझं भूत तळहातावर घेऊन हसतो आहे. निदान तुझ्या हाताची किंमत त्यांना कळेल.

सुष्मिताला सांग, बघायला आलेल्या मुलाला आधी तिनं बघून घ्यावं. अव्वाला नमस्कार. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा
अमरेश


शाहूपुरी, कोल्हापूर
५ ऑक्टोबर २००४

चि. अमरेशला आशीर्वाद.

परवा रविवारी सासूबाई चन्नाप्पाकाकांबरोबर जोतिबाला गेल्या होत्या. परतताना न सांगता आपल्याकडे आल्या. कपाळाला गुलाल, हातात प्रसादाची पुडी. अव्वानं चहा ठेवला. मी खाली येत नाही असं बघून त्याच वर आल्या, प्रसाद द्यायला. खरं तर चांगल्या मनानंच आल्या होत्या.

खिडकीत चौघं वाळत होते. तुझं पत्र यायच्या आधीच त्यांना मांडी घालून झाली होती. मेलेला माणूस आडवा असतो हे मला सुचलंच नाही रे. धातू मऊ आहे, पक्कडीनं पाय वळवले आणि हातानं सवयीनं तेच केलं. चौघांतल्या एकाला मी डोक्याला रुमाल बांधला होता आणि मांडीवर काठी दिली होती. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना अंगणात असंच बसवलं होतं, रुमाल बांधून, विभूती लावून. सासूबाई त्यांच्या पायाशी होत्या. इथं ते रिळावर, करड्या-हिरव्या अंगानं, मातीतून वर येत होते. माझ्या मनात मामंजी नव्हते, शपथ घेऊन सांगते. पण सासूबाईंच्या जागी मी असते तर मलाही तेच दिसलं असतं.

सासूबाईंनी हे कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. अमरेशच्या खेळातलं आहे असं मी म्हटलं. असल्याचा कोण खेळ करतं, म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.

काल काकांचा फोन आला. मी करणी केली असं गडहिंग्लजला ठरलंय. आता १७ तारखेच्या रविवारी आपल्या घरी बैठक आहे. ही करणी नाही असं मी सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणजे दसऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे नेतील. नाही सांगितलं तर नाव टाकतील.

म्हणजे बघ. हा खेळ आहे म्हटलं, जे खरं आहे, तर ती कडी. गप्प बसले तर मला कुणी नेणार नाही, पण मी भुताळी आणि सुष्मिता भुताळीची बहीण. इचलकरंजीला बातमी पोचायला एक एस.टी. पुरते. दोन्हीकडून वाट मीच रंगवून बंद केल्यासारखी झाली आहे.

तुझे फोटो मिळाले. अप्पा फार खूश आहेत. पुरावा म्हणून सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतात.

तिकडे सांभाळून राहा, आणि अक्काची आठवण झाली तर वाईट वाटून घेऊ नको.

दानूअक्का


लीड्स
१३ ऑक्टोबर २००४

ती. अक्कास नमस्कार.

पत्र आज मिळालं. हे तुला मिळेल तेव्हा रविवार होऊन गेलेला असेल, तरी लिहितोय, कारण गप्प बसवत नाही.

फोन लावला होता. अप्पांनी उचलला. फोटो फार कामाला येणार आहेत, चांगलं केलंस, म्हणाले. तुला बोलवा म्हटलं तर तू आंघोळीला गेलीस असं सांगितलं. भारतात तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

तू खरं सांगितलंस तर मी तेच सांगेन. खोटं सांगितलंस तरी तेच सांगेन. याहून उपयोगाचं काही इथून करता येत नाही. पीटरनं निरोप दिलाय की भुतांची घाई नाही.

अमरेश


शाहूपुरी, कोल्हापूर
१९ ऑक्टोबर २००४

चि. अमरेश यास अव्वाचा, म्हणजे गौराबाईचा आशीर्वाद. अक्षर वाईट हाय, लावून वाच. दानू मला म्हणाली की तू केलंस ते तूच लिही, मी न्हाय लिहिणार.

परवा विहीणबाई, जावई आणि चन्नाप्पाभावजी आलते. दानूनं ती सगळी रिळं ताटात मांडून खाली आणली आणि सगळ्यांच्या मधी ठेवली. म्हणाली की हा खेळ हाय, मी रंगवलंय, करणी न्हाय. मग विहीणबाईंच्या पाया पडली. म्हणाली, ह्यात मामंजी न्हाईत, पण तुम्हाला ते दिसलं त्याची माफी मागते. आवाज हालला न्हाय तिचा.

मग तुझ्या अप्पांनी फोटो काढलं. विहीणबाईंनी बघितलं आणि रडायलाच लागल्या. करणी असती तर सोसली असती म्हणाल्या, हा गोरा माझ्या मालकाला हसतोय. मला बी गलबलून आलं. माझ्या वडलांना बी असंच बसवलेलं मी बघितलंय. तू फोटो धाडायच्या आधी जरा इचार करायचा हुतास.

जावई म्हणाले, झालं गेलं संपलं. हे सगळं पंचगंगेत सोडा, रविवारी आम्ही न्यायला येतो. अप्पा हो म्हणाले. दानू रिळं गोळा करायला लागली, ती कंदीलवाली बाई तेवढी मुठीत धरून.

बैठकीत मी कधी बोलत न्हाय, तुला ठावं हाय. मी जावयांना इचारलं की तुमच्या खोलीची कडी कुठल्या अंगाला हाय. ते म्हणाले, बाहेरनं, काळजीपोटी. मी म्हटलं, मग एक आतनं बी लावा, आमची पोरगी येईल. आणि ह्या बाहुल्या बी तिच्यासंगं येतील, तुमच्या खिडकीत बसतील. विहीणबाई म्हणाल्या, असलं माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. मी म्हटलं, मग ती बी येणार न्हाय. एवढंच बोलले आणि चहा गरम करायला आत गेले. बाहेर आले तवर ते उठलेले. चहा कृष्णातला दिला.

जाताना विहीणबाईंनी ते रुमालवालं उचललं आणि पदराच्या गाठीत बांधलं. बुडवायला की ठेवायला, मी इचारलं न्हाय. त्या पीटरला सांग, एक कमी येईल.

काकांनी आज फोनवर सांगितलं की बेस्तरवारी टेम्पोनं दानूचं कपाट आणि भांडी परत येणार. इचलकरंजीचं अजून काही आलं न्हाय. सुष्मिता दानूशी बोलत न्हाय, ताट बी वेगळं घेते. तिचं बी चूक न्हाय. अप्पा माझ्याशी बोलत न्हाईत, काय सांगायचं ते भिंतीला सांगतात. घर मोडलं म्हणतात, आता वरनं कुणी खाली उतरायचं न्हाय म्हणतात, आणि सकाळपासनं खुर्ची अगदी जिन्याला लावून बसलेत.

हे पत्र तिच्याच खोक्यात घालते. ह्यावेळी खोकं कृष्णातकडं द्यायचं न्हाय असं आमचं ठरलंय. उद्या दहाला दानू ते घेऊन एकटी पोस्टात जाणार हाय. अप्पा म्हणाले की मी खुर्चीतनं उठणार न्हाय. मी म्हटलं, नका उठू, पाय तेवढे बाजूला घ्या.

लोभ ठेव, आणि दोन वेळ जेवत जा.

तुझी
अव्वा