मडमची मागची सीट

१० मार्च ७४
सांगलीला गेलो ते माझ्या लग्नाच्या बस्त्याच्या निमित्तानं. खरं काम डोळ्यांच्या डॉक्टरांचं. आबांना आत ढकललं आणि दार अडवून उभी राहिले, नाहीतर पळाले असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण पिकलेले नाहीत. कच्चे काढता येत नाहीत, दिवाळीनंतर या, म्हणाले. तोवर गाडीबिडी चालवत असाल तर बंद.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "कालचं पोरगं ते. त्याला काय कळतंय?" आणि मडमला, म्हणजे त्यांच्या मोटरसायकलला, किक मारली.

येताना विट्यात बाजार होता. उजवीकडं बैलगाडी, मी मागनं आबांचा उजवा खांदा टोचला. डावीकडं पोरं, डावा टोचला. मग एकदम ट्रक, पाठीत मूठ. आबा थांबले. वर्षभर असंच चाललंय. याबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. बोललं तर दिसत नाही हे कबूल करावं लागेल, आणि पलटणीत वीस वर्षं डाक पोचवणारा माणूस ते करायचा नाही.

लग्न मेमध्ये. डोळे दिवाळीनंतर. मधे मागं कोण बसणार?

२४ मार्च
सांगलीवाले आले होते, म्हणजे ज्यांच्याशी माझं ठरलंय ते. इटालियन स्कूटरवर. नवी नाही, पण काय पुसलेली! आबांनी हात फिरवून बघितली आणि म्हणाले, "झ्याक हाय. पर पाटावर बसून जेवाय चालल्यागत वाटतंय." ते बिचारे हसले. मग आबांनी मडमचं पुराण लावलं. लष्कराच्या लिलावातली, अस्सल इंग्लिश, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. "बसा मागं, चक्कर मारून आणतो."

मी चहाचा कप हातात घेऊन थिजले. "आबा, भजी गार होतील," एवढंच सुचलं. गेलेसुद्धा.

परत येईपर्यंत देवापुढं नुसती उभी. आले तर सांगलीवाल्यांचा चेहरा पांढराफटक, पँटला उसाची पाती. "आबांचं काळीज वाघाचं आहे," म्हणाले. "समोरनं बैलगाडी येत होती तरी हटले नाहीत."

वाघाचं! सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. लग्न तोंडावर आलंय, आणि सोयरिकीत आंधळा सासरा निघाला असं कोण म्हणेल ते सांगता येत नाही. मी भित्री आहे, दुसरं काय.

१५ एप्रिल
आज मडमचा प्लग काढून पिठाच्या डब्यात लपवला. आबा सातारच्या कँटीनला निघाले होते आणि मला शाळेत पोरांची परीक्षा घ्यायची. किक मारायला वाकले, हात फिरवून बघितला, प्लग नाही. खिशातनं दुसरा काढला, बोटांनीच चाचपत बसवला आणि गेले. सातारला! एकटे! दिवसभर पोरांना काय विचारलं, शप्पथ आठवत नाही.

संध्याकाळी धडधड आली तशी दाराकडं पळाले. आरसा तुटलेला. आबा हात धूत म्हणाले, "लष्करात प्लग कायम दोन ठेवत्यात. पिठातला काढ, गंजंल."

मी डबा काढून पिठात हात घातला. 

२० एप्रिल
शेवटी आईजवळ ओकले. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.
"मला म्हाईत न्हाई व्हय? परवा मेथी समजून कडुलिंबाचा डहाळा उचलत व्हते."
"मग बोलली का न्हाईस?"
"तू हायेस की मागं."
"मी आता असणार न्हाई, आई."

तेव्हा थांबला हात. दादा जबलपूरला पलटणीत, घरात राहिली ही दोघंच. म्हटलं, मग तू बस. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी वंगाळच बोलले. "नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून गावातनं हिंडू? लाज हाय का न्हाई गं?" खरंच आहे. कडेगावच्या बाजाराला आबा मडमवर जातात, ही एसटीनं. जन्मात कधी बसली नाही.

२८ एप्रिल
आई आपणहून आली. "दाव कसं ते."

शाळूचं पोतं भिंतीला उभं केलं, ते आबा. मी पुढनं सांगायची, "उजवीकडं म्हस!" ती पोत्याचा उजवा खांदा टोचायची. पटकन आलं तिला. "बैलागतच की. ज्या अंगाला टोचलं त्याच्या उलट पळतोय." आम्ही दोघी इतक्या हसलो की पोतं आडवं झालं. पण पोतं ते पोतं. त्याला बघायला गाव जमत नाही.

आबांना आईनंच विचारलं, मी येऊ का मागं म्हणून. आबा बराच वेळ मडमची टाकी पुसत राहिले. "ये की," म्हणाले.

१२ मे
लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळे समजले मी माहेरासाठी रडतेय. मी मडमकडं बघत होते.

१७ मे, विश्रामबाग, सांगली
आज आई-आबा मला माहेरी न्यायला येणार होते. एसटीनं या असं दहादा बजावलं होतं. दुपारी कोपऱ्यावर धडधड ऐकली आणि हातातला तांब्या पडला. आबा ऐटीत. आई मागं, धुळीनं माखलेली, दोन्ही हात मांडीवर!

आत आल्या आल्या विचारलं, "आई, हात?"
"ठेवला व्हता की. पाणंद संपली की ठेवला, विटं आलं की काढला. परत ठेवला. तासगाव आलं, काढला."
"अगं, गावातच तर लागतो!"
"गावातच तर मानसं बघत्यात."
"मग विट्यात काय केलंत?"
"देवाचं नाव घेतलं. एक टोपली उलथली. म्हातारी शिव्या देत व्हती, आमालाच आसंल."

हसावं की रडावं कळेना. रडलेच. आबा नळावर पाय धूत होते. ऐकलं असणार. कान शाबूत आहेत.

१८ मे, माहेरी
मडमवर तिघांना जागा नाही. ह्यांनी मला एसटीत बसवून दिलं. सकाळी निघताना आबांनी मोठा टॉवेल मागून घेतला आणि दोन्ही खांद्यांवरनं पसरला. "खांद्याला ऊन लागतंय," म्हणाले, कुणाकडंही न बघता. ऊन! आठ वाजले होते. आईनं टॉवेलकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पदर सावरून बसली.

तासगावच्या बाजारात आमच्या बसनं त्यांना गाठलं. टोपल्या, सायकली, मधेच एक म्हैस. आईचा डावा हात मांडीवर. उजवा टॉवेलखाली की सीटच्या दांडीला, काही केल्या दिसेना. टॉवेल एकदा उचलल्यासारखा झाला. वाऱ्यानंही असेल. मी खिडकीतनं ओरडले, "आई, म्हस!" शेजारची बाई दचकली, "कुटं हाय म्हस?" तेवढ्यात बस पुढं निघून आली.

येऊन बराच वेळ झाला. ऊन उतरलं. पाणंदीकडनं एक ट्रॅक्टर आला, मग एक सायकल. मडम अजून नाही. चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. तिघांचंच.