लेखकरावांची तहान

गुरुवार, ४ जानेवारी
आज पुन्हा जिंकलो. एवढा गाजलेला लेखक, दुकानादुकानांतून ज्यांचे फोटो टांगलेत, ते लेखकराव दर गुरुवारी घोडागाडी करून माझ्यासारख्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे बुद्धिबळ खेळायला येतात आणि हरून जातात. पुस्तकं लिहिली म्हणून डोकं चालतंच असं नाही.

गुरुवार, ११ जानेवारी
माझी पद्धत : डोळे मिटून भरपूर विचार, मग चाल. तोवर लेखकराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातात. मोठ्या माणसांची तहानही मोठी. आज ही आत हसली. लग्न झाल्यापासून हिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, दूध उतू गेलं. असो. संकल्प : हिलाही बुद्धिबळ शिकवायचं.

गुरुवार, १ फेब्रुवारी
दुपारी क्लबात मॅच. चहा निवायच्या आत हरलो. समोरच्या कारकुनाने विचारलं, कालच शिकलात का? उजेड बरा नव्हता. संध्याकाळी लेखकरावांना हरवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. फार खोकत होते. हिने स्वतःची शाल दिली. शिकायला मात्र ही नाही म्हणते.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
काल आले नाहीत. सकाळी पेपरवाला ओरडत गेला, लेखकराव वारले. ही शेगडीसमोर बसली ती उठेचना. समजूत घातली, अगं, मित्र माझा गेलाय, तू किती लावून घेशील? रविवारी शोकसभा. जिवलग मित्र म्हणून मीच बोलणार. भाषण पाठ करतोय.

रविवार, ११ फेब्रुवारी
सभेत मला कुणी ओळखेना, बोलायलाही बोलावलं नाही. शेवटी त्यांच्या बायकोसमोर जाऊन उभा राहिलो, म्हणालो, दर गुरुवारी ते माझ्याकडे यायचे. त्यांनी विचारलं, आपण कोण? हे तर दर गुरुवारी डॉक्टरांकडे जायचे, बाकी कुठेच नाही. कोणत्या डॉक्टरांकडे, ते कधी सांगितलं नाही.
भाषण तसंच राहिलं. म्हणालो, मीच तो डॉक्टर.
फार त्रास होता का त्यांना, त्यांनी विचारलं. म्हणालो, नाही हो. आमच्याकडे आले की त्यांना बरं वाटायचं. त्यांनी माझे हात धरले. फार वाईट वाटलं.
घरी आलो तर ही दारातच. हिने विचारलं, माझं नाव निघालं का? म्हटलं, नाही, कुणालाच काही ठाऊक नाही. म्हणजे मला ठाऊक आहे, हे मीच सांगून बसलो. निदान हिचा जीव तरी हलका होईल असं वाटलं होतं. ही भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, एकदाही नाही? मग मोठ्याने रडायला लागली. मी शेजारी बसलो. जवळ घ्यायचं धाडस झालं नाही.