जमिनीला टेकलेलं चक्र

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (या वेळी तो नुसता लिहिण्यापुरता नाही. मी खरोखरच पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.) ताजी बातमी अशी की मैदानावरचं जुनं लोखंडी चक्र पुन्हा फिरू लागलं आहे आणि चांगलं दणकून फिरतं आहे. हे मी म्हणत नाही, काल हाडांच्या डॉक्टरांनी माझी कंबर दाबून पाहिली आणि त्यांनीच तसा निर्वाळा दिला. हाड शाबूत आहे, स्नायू तेवढे रुसले आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? ताईचा खोकला गेला का? पत्र तिला वाचून दाखवा, पण हा परिच्छेद गाळून. तिला हसताना उबळ येते.

आमचं मैदान तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून ताईबरोबर बाहेर पडलात आणि दोघंही त्या चक्रावर गरगर फिरताना सापडलात, तेच मैदान. (ताईने तुम्हाला होकार दिला तो डोकं ठिकाणावर नसताना, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.) त्या मैदानाचं नूतनीकरण होणार अशी पाटी लागली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'मैदान आहे तसंच राहू द्या' अशी समिती मी काढली. अध्यक्ष मी, चिटणीस आमचे शेजारी, दातांचे डॉक्टर. (आमच्या घसरगुंडीने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकं पुरवली आहेत, तेव्हा त्यांची तळमळ माझ्याहून खरी होती.) मागणी एकच: कशालाही हात लावायचा नाही.

आराखडा करायला आलेल्या बाई भलत्याच शांत निघाल्या. मी पाऊण तास भाषण केलं. मैदानाशी असलेल्या भावना, आमचं बालपण, चक्राचा तो कुंईकुंई आवाज, काही म्हणून ठेवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "हरकत जरूर घ्या काका, पण आधी एक दिवस खेळून घ्या." त्यांची कामाची पद्धतच तशी होती. आराखड्याआधी मोठ्या माणसांना मैदानावर सोडायचं, ते दुसऱ्या कुणाचं तरी शरीर घेऊन. आमच्या चिटणीस डॉक्टरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. ते घसरगुंडी शोधायला निघाले आणि बराच वेळ माळ्याच्या गाढ झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर चढायची पायरी शोधत राहिले. माझ्या वाट्याला व्हीलचेअर आली.

आता आमच्या नातीबद्दल लिहायला हवं. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती अजून बोलायला लागली नव्हती. ती कसर आता ती भरून काढते. गळ्यात शिट्टी अडकवून, आपल्या व्हीलचेअरमधून ती सगळं मैदान हाकते. पकडापकडी असो नाहीतर चेंडूफळी, आउट कोण ते तीच ठरवणार. पोरं तिला 'पंच' म्हणतात आणि तिच्यापुढे चळाचळा कापतात. मी समितीच्या बैठकांत छाती फुगवून सांगत असे की आमच्या मैदानात काही कमी नाही, माझी नात बघा, रोज तिथेच असते.

तर अशा या पंचबाई त्या दिवशी माझ्या शेजारून चालल्या होत्या. (तिची खुर्ची कायम वापरातली, माझी उसनी, त्यामुळे ती वळायची आणि मी आपटायचो.) फाटकाच्या उंबऱ्यावर माझी पुढची चाकं अडकली. तिने शिट्टी वाजवून "आजोबा, एक चूक" असं जाहीर केलं. झोक्यांपुढच्या वाळूत मी रुतलो. "दोन चुका." चार पोरांनी मला ओढून काढलं आणि मी घामाघूम होऊन एकदाचा चक्रापाशी पोचलो. चक्र जमिनीपासून पोटरीइतकं उंच, त्याच्या कडेला माझी खुर्ची ठण्णकन लागली. मी तिला म्हटलं, "आता गं? आता वर कसं जायचं?" मला वाटलं तिसरी शिट्टी वाजणार. तिने शिट्टी वाजवली नाही. माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "वर नसतं जायचं आजोबा. इथपर्यंतच असतं."

दाजी, आमच्या समितीची शेवटची बैठक तिथेच झाली आणि ठराव न मांडता ती बरखास्त झाली.

मी फक्त एक विनवलं, चक्र टाकून देऊ नका. बाई म्हणाल्या, टाकायचं कुणी म्हटलंय? आणि इथून पुढे जे झालं ते पाहताना माझा जबडा जो खाली आला तो अजून पुरता मिटलेला नाही. (डॉक्टर म्हणतात, मोफत तपासून देईन.) त्यांनी काहीही टाकलं नाही. तोडलेल्या सिमेंटच्या ओट्यांचा भर घालून एक टेकडी केली आणि आमच्याच घसरगुंडीचा पत्रा तिच्या उतारावर निजवला. वर जायला शिडी आहे आणि लांबून वळत जाणारी सोपी वाटही आहे. वादळात पडलेल्या झाडाचं खोड आडवं ठेवून त्यावर पोरांना तोल सांभाळायला शिकवलं. पावसाचं पाणी पूर्वी फाटकाशी तुंबायचं, ते आता वाळूतून, गवतातून जिरत झाडांच्या मुळाशी जातं. गोंगाटाने घाबरणाऱ्या पोरांसाठी वेलींच्या आड एक गप्प बसायची जागा आहे. (डॉक्टर तिथेच असतात.) आणि चक्रासाठी जमिनीत त्याच्याच मापाचा खड्डा केला, जुनं लोखंड घासून, नवीन बेअरिंग घालून आत बसवलं. वरची कड जमिनीशी अशी बेमालूम मिळाली की डोळे मिटून हात फिरवला तर कळत नाही. मी फिरवला. दोनदा.

आता प्रश्न होता तो वजनाचा. खुर्चीसकट माणूस बसला तर चक्र समतोल फिरेल का, खुर्ची अडकवायचा खटका टिकेल का, याची खात्री केल्याशिवाय खटका बसवणारा वेल्डर कुणा मुलाला वर जाऊ देईना. पंचबाई परवा कडेला येऊन थांबली होती, अगदी पूर्वी थांबायची तिथेच. तिचा चेहरा मला बघवेना. म्हटलं, आधी मी. खुर्चीत बसलो, खटका लागला, पोरांनी ढकललं. खटका उत्तम आहे, दाजी. खुर्ची तसूभर हलली नाही. पट्टा बांधायचा राहिला होता तो माझाच. मी एकटाच सुटलो आणि लाकडाच्या भुशावर सपशेल पालथा पडलो. भुसा टाकल्याबद्दल बाईंचे आभार मानावेत म्हणून तोंड उघडलं, तर तोही तोंडात गेला.

वेल्डर समाधानाने म्हणाला, "चक्र पास!"

मग पंचबाई निघाली. कुणी उचललं नाही, कुणी 'सांभाळ गं' म्हटलं नाही; चाकं फिरवत सरळ आत गेली, जशी आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. जाताना माझ्यापाशी थांबून गळ्यातली शिट्टी काढली, माझ्या पाठीवर ठेवली आणि म्हणाली, "हे धरा जरा, मला खेळायचंय." पट्टा बांधला. चक्र फिरलं. मी जमिनीला गाल लावून पडलो होतो, त्यामुळे मला फक्त तिचे केस उडताना दिसत होते आणि ऐकू येत होतं ते, 'अजून जोरात, अजून!' दाजी, त्या पोरीचं ओरडणं मी आजवर हजारदा ऐकलं आहे. हे तसलं नव्हतं. कुंईकुंई आवाज मात्र तोच.

ताईला माझा नमस्कार सांगा, असं घरचं सरकार स्वयंपाकघरातून ओरडतं आहे. पत्र पुरे करतो, कुशीवर वळायची वेळ झाली.

तुमचा,
पालथा मेहुणा

ता. क. शिट्टी अजून माझ्याकडेच आहे. ती परत घेत नाही. मैदानावर आता नुसता कल्ला आहे, कारण खेळायला सगळे आणि आउट द्यायला कोणी नाही. मला विचारलं, पण नात समोर असताना माझा निकाल कोण मानणार? तुम्ही जन्मभर तिकीट तपासनीस होतात. सख्ख्या मेहुण्यालाही दंड केलात. असा माणूस आम्हाला हवा आहे. शनिवारपर्यंत या. गुडघ्यांची सबब चालणार नाही, फाटकाचा उंबरा काढला आहे.

ता. ता. क. एक निकाल आधीच तयार ठेवा. पकडापकडीत चक्र म्हणजे घर. पंचबाईचं पुढचं चाक चक्रावर आणि मागचं बाहेर असेल, तर ती घरात की आउट? (डब्यात एक पाय आणि फलाटावर एक, असे तुम्ही खूप पाहिले असतील.) पोरं म्हणतात आउट. ती म्हणते, नियम मीच केलेत, मला विचारा. रविवारी सकाळी पहिला डाव आहे. त्यात ती जन्मात पहिल्यांदा आउट होणार, आणि ते अजिबात मान्य करणार नाही.