फुकट मिळालेल्या इंजिनाबद्दल तक्रार

तीर्थस्वरूप भाऊजींना शिरसाष्टांग नमस्कार. (मनानेच समजावा. वल्ही मारून कंबर धरली आहे, वाकता येत नाही. वल्ही का मारावी लागली ते खाली येईलच.) आपली प्रकृती ठणठणीत असेल. ताईचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे बोलतो आहोत, पण जेवढ्यास तेवढं. फोन केला नाही, कारण तुमच्याकडे फोन ताई उचलते आणि ताई तुमच्या बाजूची.

आपण माझ्या होडीला मागे लावायला जे इंजिन प्रेमाने, आग्रहाने आणि मुख्य म्हणजे फुकट दिलंत, ते मी परत पाठवतो आहे. राग मानू नये. ही म्हणते, इंजिन परत गेलं तर ताईच्या घरी आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मलाही ते नको आहे, सख्खी बहीण एकच आहे मला. पण भाऊजी, चालू इंजिन कोणी फुकट देतं का? तुम्ही वापरलेली सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारे. असा माणूस अचानक 'घेऊन जा, नुसती अडगळ झाली आहे' म्हणतो, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. झालो नाही, कारण फुकट.

तर धक्क्यावरून निघताना इंजिन अगदी गुणी असतं. एका ओढीत सुरू. होडी सपासप पाणी कापते आणि ही माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच कौतुकाने बघते. तांबड्या पिंपाशी पोचलो (पुढे खडक आहेत म्हणून ते तरंगत ठेवलं आहे) की आवाज बसतो, जोर जातो, आचके देत देत सगळं बंद. दर वेळी, त्याच पिंपाशी. योगायोगावर माझा विश्वास नाही. तिथे एक निवृत्त तिकीट तपासनीस आपल्या होडीत गळ टाकून बसलेला असतो. मी वल्ही काढली की तो हात हलवतो. ज्याचा काही संबंध नाही तो हात कशाला हलवेल? म्हणून एकदा मुद्दाम उलट्या दिशेला गेलो. तिकडे पिंप नाही, तपासनीस नाही, तरी साधारण तेवढ्याच अंतरावर इंजिनाने मान टाकली. म्हणजे तिकडेही त्याचा कोणीतरी माणूस असणार.

मी काही हातावर हात धरून बसलो नव्हतो. पंख्यात जाळं अडकलं असेल म्हणून पंखा पाहिला, स्वच्छ होता. प्लग काढून घासला, मग नवाच घातला. पेट्रोलमध्ये भेसळ असेल (पंपावरचा माणूस माझ्या नजरेला नजर देत नाही) म्हणून इंजिन बंद पडलं की टाकीचं झाकण उघडून वास घेऊ लागलो. आश्चर्य म्हणजे वास घेऊन झाकण लावलं की इंजिन सुरू! थोडं चालायचं आणि पुन्हा तेच. यावरून मी ताडलं की आपली तपासणी चालू आहे हे कोणाला तरी दिसतं आणि तो तेवढ्यापुरता गप्प बसतो. हे हिला समजावून सांगितलं, तर हिने विणकाम बाजूला ठेवून मुकाट्याने वल्हं उचललं. त्यातच, टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतला रबरी फुगा दर वेळी चपटा होऊन पडलेला असतो. पेट्रोल मधल्यामधे कोणीतरी पितं, दुसरं काय? बंदोबस्त मी पहिल्याच दिवशी केला होता. झाकणावर एक बारीक स्क्रू आहे, तो तुमच्याकडून आला तेव्हा चक्क सैल होता. मी पकडीने असा आवळला आहे की वारासुद्धा आत जाणार नाही. तरी चोरी चालूच!

शेवटी इंजिन मिस्त्रीकडे नेलं. त्याने ते पाण्याच्या हौदात बुडवून, आपल्याकडची पेट्रोलची टाकी जोडून पोटभर चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. "काका, इंजिन झकास आहे. विकणार असाल तर आधी मला सांगा," म्हणाला. विकत घ्यायला टपलेला माणूस खरं बोलेल का? शिवाय तो तुम्हाला ओळखतो, असं मागाहून कळलं. असो. इंजिन पोत्यात गुंडाळून ठेवलं आहे, टेम्पो मिळाला की रवाना करतो.

आपला (अजून तरी) मेहुणा

ता. क. पोतं सोडलं. म्हणजे हिने सोडलं. ही तेलाच्या डब्याला नेहमी दोन भोकं पाडते, एक तेल यायला आणि एक हवा आत जायला. टाकीचंही तसंच असणार, म्हणाली, आणि मी आवळलेला स्क्रू माझ्याच पकडीने सैल केला. आम्ही पिंप ओलांडून पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो. तपासनीसाने हात हलवला, हिनेही हलवला. (या दोघांची ओळख कधीपासून, ते बघतो आहे.) वरचा मजकूर आपण वाचला नाही असं समजावं. पत्र फाडणार होतो, पण ही म्हणते, जसंच्या तसं जाऊ दे.

ता. ता. क. आत्ता ताईचा फोन आला होता. बोलत ही होती, मी दाराआडून ऐकलं. तुमचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, इंजिनाची दोरी ओढता येत नाही आणि हे कोणाला सांगायचं नाही अशी तुम्ही घरात ताकीद दिली आहे म्हणे. इंजिन मला दिलंत त्या दिवशी काठाला बांधलेल्या तुमच्या होडीत नुसतेच बसून राहिला होतात. भाऊजी, ऐकून फार वाईट वाटलं. रविवारी ताईला घेऊन या. दोरी मी ओढीन, दांडा तुम्ही धरा, होडी हवी तिकडे न्या. बायका धक्क्यावर बसून आपल्यावर पाळत ठेवतील. आणि वेळ नाही, कंटाळा आला वगैरे कळवू नका. माझा त्यावर विश्वास बसणार नाही.