वरवंटा तिथंच राहू दे

कुवेत

बहीण कस्तुराले दुर्गाचा जयभीम.

मी खुशाल हाओ, उगी रडत बसू नको. घर थंडगार हाय. मालकीण चांगली हाय, माहा पासपोर्ट हरवू नये म्हून तिनंच कपाटात कुलपात ठेवला. माह्या हातची भाजी मातर दोन घास खाऊन बाजूले सारते.

शेलूबाजारच्या बोर्डिंगात आता माह्या जागी कोण रांधून राह्यली? पोरं पोटभर खातात का? आईचा गुडघा कसा हाय?

माहा वरवंटा बोर्डिंगातून घरी आण म्हटलं होतं, तो आणू नको. इतक्या वर्षांची चाकरी सोडून आली, इथलं नाई जमलं तं वरवंटा मांगायच्या निमित्तानं त्या चुलीपाशी जाता येईन.

एवढं मातर आईले वाचून दाखवू नको.

तुही मोठी बहीण,
दुर्गा