धुणारं तेल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

झालो बुवा मुंबईकर! ओझरहून निघालो तो थेट मरोळच्या या गल्लीत. शौनक नाक्यावर उभाच होता. विमान-मेकॅनिकचा कोर्स करताना हॉस्टेलला तीन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. त्याच्या आईने कुडाळहून पाठवलेलं खाजं अर्धंअधिक मीच फस्त करायचो. एअरलाइनने घरी बसवल्यापासून कुणी माझा फोन उचलत नव्हतं, आणि हा पठ्ठ्या आपणहून म्हणाला, ये, मी आहे तिथे तुझ्याजोगं काम आहे. अजून काय पाहिजे माणसाला?

काम ऐकून ओझरला सगळे हसतील. शेडमध्ये विमानाचं जुनं रेडियल इंजिन आहे. गोलात लावलेले नऊ सिलिंडर, पुढे पंखा, सगळं चाकांच्या लोखंडी गाड्यावर. विमान कधीच भंगारात गेलं. इंजिन शूटिंगला भाड्याने जातं. पडद्यावर वादळात झाडं वाकतात, हिरोइनची ओढणी उडते, तो वारा याचा. एवढं शिकून मी वारा घालणार. चालेल, झकास आहे.

मालकीण रत्नप्रभाबाई, सगळे काकीच म्हणतात. मूळच्या मालवणच्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि शौनकला म्हणाल्या, "ह्यो राखणेक बरो आसा." मला मालवणी ओ की ठो कळत नाही. शौनक म्हणाला, राखण म्हणजे राखणदारी रे, शेडच्या माळ्यावरची खोली तुला देतायत, भाड्याची कटकट नाही. मुंबईत फुकट खोली! आईला फोन करून सांगितलं, ती तर रडलीच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आल्यापासून नुसतं तेल बघतोय. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे आहे, त्यात टिपटिप चालूच. शौनक म्हणाला गळती बंद कर. म्हटलं, बाबा रे, रेडियल गळायचंच. गळतंय म्हणजे आत तेल आहे. ट्रे कोरडा दिसेल त्या दिवशी घाबर. तेल उतरून खालच्या सिलिंडरांत साचतं, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. अडला तर जोर करायचा नाही, प्लग काढून तेल सोडायचं. बाकी म्हातारं ठणठणीत आहे.

खरा प्रश्न कोणतं तेल घालायचं हा. गाडीचं तेल चालणारच नाही, त्यात मिसळलेल्या गोष्टींची जळून राख होते आणि सिलिंडरमध्ये बसते. विमानाच्या तेलात दोन जाती. एक साधं मिनरल, काही न मिसळलेलं. दुसरं धुणारं, ते आतला मळ सुटा करतं, स्वतःत धरून ठेवतं, आणि तेल बदललं की सगळा मळ बाहेर. काकी वर्षानुवर्षं साधंच घालतात, एकशेवीस नंबरचं, काकवीएवढं दाट. म्हणजे आत मळाचे थर साचले असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

काकींशी वाजलं. मी म्हटलं, शंभर नंबरचं धुणारं तेल घालू. जुन्या इंजिनात एकदम सुटलेला मळ नळ्यांत अडकू शकतो, पण मी दरवेळी गाळणी उघडून साफ करीन, जबाबदारी माझी. काकी ऐकूनच घेईनात. शेवटी म्हणाल्या, "जा आसा ता आतच ऱ्हवांदे." जे आहे ते आतच राहू दे, एवढं मालवणी मलाही कळलं. माझं डोकंच फिरलं. शिकलेल्या माणसाला आणायचं आणि त्याचं ऐकायचं नाही, हा काय प्रकार आहे?

शौनकने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तू घाल बिनधास्त, काकींना मी सांभाळतो. चेंबूरच्या डीलरकडून तेलाचे डबेही त्यानेच आणले. हॉस्टेललाही तो असाच माझ्या बाजूने भांडायचा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवं तेल घालून पहिल्यांदा चालवलं. मी पंख्याला, शौनक स्विचला. "ऑफ" म्हणून त्याने ओरडून सांगायचं, मग मी पंख्याला हात लावायचा, ही आमची शिकाऊ दिवसांपासूनची शिस्त. निळा धूर निघाला, नऊच्या नऊ सिलिंडर बोलले. काय तो आवाज! शेजारच्या प्रेसवाल्यांनी मशिनं थांबवून बघितलं.

जयंतीताई डबा घेऊन आल्या होत्या, देवगडच्या आहेत, सगळ्या गल्लीला जेवण पुरवतात. म्हणाल्या, तुमच्या आधीचा बाळा कधी इंजिनाची अशी उघडझाप करत नसे. बाळा कुठे गेला विचारलं, तर म्हणे गेल्या वर्षी न सांगता गावी गेला. डब्यात सुरमई होती. गाळणीत काळा चिकट गाळ. अपेक्षेप्रमाणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्यांदा चालवलं. गाळणीत गाळाबरोबर एक पातळ कपची निघाली. बेअरिंग गेलं की काय म्हणून धाबं दणाणलं. मॅग्नेट लावला, चिकटेना. ॲल्युमिनियम असेल म्हणून पेट्रोलमध्ये धुतली.

नख आहे. माणसाचं, अंगठ्याचं, मुळापासून.

कुणाचं तरी काम करताना उखडलं असेल. हातांची वाट लागतेच आपल्या धंद्यात. पण मुळापासून? आणि आत कसं गेलं?

आज जेवलो नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारनंतर इंजिन चालवलेलं नाही. आज सकाळी सिलिंडरला हात लावला तर कोमट. शेड बंद, ऊन आत येत नाही, तरी कोमट. पंखा उभा सोडला होता, तो आडवा.

गाळणी उघडली. दात. दाढ. वर चांदीचं भरण.

फोटो काढून शौनकला पाठवला. त्याने लगेच काहीतरी लिहिलं आणि मी वाचायच्या आत डिलीट केलं. मग फोन करून म्हणाला, शूटिंगवाल्यांची मस्करी असेल, फेकून दे, आणि कुणाला दाखवू नकोस. आवाज नेहमीचाच होता. मला तेच खटकलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जयंतीताईंना सहज विचारलं, बाळा कसा होता. म्हणाल्या, गरीब बिचारा, दाढेत चांदी भरलेली, दुखायची म्हणून एकाच बाजूने जेवायचा.

मी डबा तसाच परत दिला.

शौनक फोन उचलत नाही. काकी येऊन इंजिनाला हळदकुंकू लावून गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. पहिल्या दिवशी किती बघत होत्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सगळे प्लग काढले. वरचे, खालचे, सगळे. डब्यात भरून डबा माझ्या उशाशी. आता ठिणगीच नाही. बघू कसं चालतं.

उद्या निघतो. शौनकलाही घेऊन जातो. त्याला यातलं काही माहीत नाही. माहीत असतं तर त्याने मला इथे—

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

बॅग भरली होती. जयंतीताई डबा द्यायला आल्या. म्हणाल्या, आज देवदिवाळी, आमच्या गावात आज राखण देतात. विचारलं, देतात म्हणजे? राखण करतात ना? त्या हसल्या. म्हणाल्या, नाही हो, जागेचा जो राखणदार असतो त्याला वर्षाचं द्यायचं, ती राखण. नारळ, कोंबडा, बस, त्यापलीकडे काही नाही. मी विचारलं, मग राखणेला बरा आहे म्हणजे काय. म्हणाल्या, त्यासाठी निवडलेला कोंबडा. मग माझं तोंड बघून भांडी न घेताच गेल्या.

शौनक कुडाळचा आहे. त्याला दोन्ही अर्थ माहीत होते. तोंडभर हसत त्याने मला एकच सांगितला. आणि मी आईला फोन केला, खोली मिळाली म्हणून.

तेव्हाच पळायला हवं होतं. पण मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मेसेज टाकला, ये. साल्या, तीन वर्षं एका ताटात जेवलो आपण.

आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाला, दाताचा फोटो दाखव. मी फोन दिला. त्याने खिशात टाकला आणि शटर ओढलं.

बाहेरून कुलूप. शेजारची प्रेस चालू आहे, ओरडून घसा बसला. शिव्या घातल्या, आईची शपथ घातली. शटरला पाठ टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाला,

"निम्या, गेल्या वर्षी राखणेला मला ठेवलेलं रे. म्हणून माझ्या जागी बाळाला आणला."

रडत होता. रडत रडत गेला.

अजून दुपारच—

माळ्यावर आहे. वही गुडघ्यावर. शिडी वर ओढून घेतली.

टिपटिप थांबली. केव्हा थांबली कळलं नाही. वरून ट्रे दिसतो. कोरडा. सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती.

प्लगचा डबा माझ्या मांडीवर. सगळे आहेत. मोजले.

पंखा हलला. हळू. हाताने फिरवावा तसा. एक पातं, मग दुसरं—

खाली शौनकचा आवाज आला. "ऑफ." अगदी शौनकचाच. पण तो गेला, मी त्याची पावलं ऐकली, कुलूप तसंच—

"ऑफ," परत. इंजिनातून. मला बोलावतंय, पंख्याला ये म्हणून—

शिडी मी वर घेतली होती. ती खाली लागली आहे.

आई, शौनकला घरात घेऊ नको. तो सांगेल मी न सांगता निघून

माळ्याची फळी कोमट झाली. तेलाचा वास. साधं नाही, धुणारं नाही, त्याला हवं ते तेल—