बेताची खुर्ची

अण्णा,

तुम्ही हसाल, पण गेले कित्येक रविवार मी आणि माझा नवरा बेंगळुरूभर जुने सोफे आणि खुर्च्या उलट्यापालट्या करत फिरलो. घरात बसायला काही नव्हतं असं नाही. जे. पी. नगरच्या या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक भला मोठा राखाडी सोफा आहे, त्यात माणूस बसत नाही, रुततो. आई आली त्या दिवशी यशवंतपूर स्टेशनवरून तिला घरी आणलं, कौतुकानं त्यावर बसवलं आणि चहा घेऊन बाहेर आले, तर ती उठायची खटपट करत होती. हात टेकायला जागा नाही, गुडघे पार वर आलेले. जावयानं हात दिला तेव्हा कुठे उठली. त्यानंतर ती त्या सोफ्याकडे फिरकली नाही. आपल्या खोलीत पलंगावर भिंतीला उशी लावून बसायची, आणि आम्ही बाहेर हॉलमध्ये. जेवायला हाक मारली की यायची, ताट धुवायला निघायची, मी धुवू दिलं नाही की परत खोलीत. "दिवाळी झाली की मी जातो बघ निपाणीला," असं अधूनमधून सांगायची. आपल्याकडच्या बायका जातो-येतो म्हणतात हे माझ्या पुण्याच्या नवऱ्याच्या कानाला लग्नानंतर कितीतरी दिवस खटकायचं, आता खटकत नाही. मला मात्र त्यातलं 'दिवाळी झाली की' टोचायचं. तुम्ही गेल्यापासून निपाणीच्या घरात तिच्याशिवाय कोणी नाही. गेल्या वर्षी ती परसात पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत तशीच पडून होती. तिनं माझ्याकडेच राहावं एवढंच मला हवं होतं, पण आईला राहा म्हटलं की ती हटकून जायचं काढते, हे तुम्हाला मी काय सांगू? म्हणून ठरवलं, बोलायचं नाही, हॉलमध्ये तिच्यासाठी चांगली बैठक आणायची. आणि आणायची तर जुनी सागवानी, सरळ पाठीची, तुमच्या फोटो स्टुडिओत होती तशी.

तो दोन माणसांचा सोफा तुम्ही कुठून आणला होता, हे मी कधी विचारलंच नाही. लाल मखमल, हातांवर कोरलेली पानं, पायांना सिंहाचे पंजे. नवी जोडपी, बारशाची बाळं, पेन्शनीत निघालेले मास्तर, सगळं गाव त्यावर बसून गेलं. एकदा शाळेतून येऊन मी त्यावर आडवी झाले होते. तुम्ही डार्करूममधून बाहेर आलात, हातांना औषधाचा वास, आणि म्हणालात, "ऊठ. ते गिऱ्हाइकाचं आहे." ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं, कारण ओरडण्यावर रुसता येतं. पुढे मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसती बघायचे. एक नवरी अजून दिसते मला. ती त्या सोफ्यावर बसली आहे, नवरा शेजारी ताठ, आणि तिचा चेहरा असा की आता रडेल. तिची सासू म्हणते, हस की गं. ती आणखीच आक्रसते. तुम्ही कॅमेऱ्यामागून बाहेर येता, खाली वाकून बघता, आत जाता आणि आईचा स्वयंपाकघरातला पाट आणून तिच्या पायांखाली सारता, वर साडीचा घोळ नीट सोडता. तिचे पाय टेकतात आणि चेहरा सुटतो. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "पाय अधांतरी असले की तोंड घाबरतंय." आई म्हणाली, "माझा पाट कुठाय ते आधी सांगा."

हे सगळं डोक्यात धरून मी दुकानं पालथी घातली. सुरुवातीला फसले. एका दुकानात आरशासारखा चकचकीत सोफा पाहिला आणि भुलले. नवऱ्यानं तो कलता करून खाली मोबाइलचा उजेड पाडला तर पायांशी पिठासारखा भुसा. वरून कीर्तन, आतून तमाशा. मग आम्ही शहाणे झालो. आधी खाली बघायचं, मग वर. हात धरून हलवून बघायचं, सांधा कुरकुरला की पुढे जायचं. गादीवर तळवा दाबायचा, आत काथ्या आहे की कोणी फोम कोंबलाय ते कळतं. नवऱ्याला तर नाद लागला. लग्नकार्याला गेला तरी यजमानांच्या खुर्च्या वाकून बघायचा. आराम खुर्च्या किती सुंदर पाहिल्या, पण आत गेलेला माणूस बाहेर काढायला दुसरा माणूस लागतो. एक शिसवी कोच तर इतका देखणा होता की मी त्याच्याभोवती फिरतच राहिले. लिफ्टमध्ये मावला नसता आणि जिन्याच्या वळणावर अडकून आयुष्यभर तिथेच राहिला असता.

आई काय म्हणत होती? आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "मला काय करायचाय सोफा? बेताची खुर्ची एक बघ म्हणजे झालं." नवरा म्हणाला, "आई, बेताची कशाला? चांगली घेऊ." ती म्हणाली, "बेताचीच चांगली असत्या की!" आमचा हा गडी इतका भारावला म्हणून सांगू. ऑफिसात कुणी मोठी गाडी घेतली की हा सांगायचा, आमच्या सासूबाई म्हणतात, बेताचीच चांगली असते. मला मात्र रडू यायचं. जन्मभर बेताचं खाल्लं, बेताचं नेसली, आता लेकीकडे येऊनसुद्धा बेताचंच मागते. म्हणून मी आणखी हट्टाला पेटले. बेताची नाही, चांगलीच आणीन.

येलहंक्याच्या पुढे जुन्या फर्निचरचं एक गोदाम आहे असं कोणीतरी सांगितलं. या खेपेला आईला बरोबर नेलं, ज्याला बसायचं त्यानंच बसून बघावं. गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, तिची कंबर धरली. आणि आत शिरले तर समोर तो. तोच नव्हे हो, तुमचा, स्टुडिओ बंद झाल्यावर लग्नाच्या हॉलवाल्यानं नेला आणि पुढे त्याचं काय झालं देव जाणे. पण जुळा भाऊ म्हणावा इतका तसा. हातांवर पानं, पायांना पंजे, मखमल तेवढी लालऐवजी हिरवी. खाली बघितलं, स्वच्छ. हलवून बघितलं, सांधे घट्ट. दुकानदार म्हणाला, "अक्का, स्वल्प कूत नोडी." जरा बसून बघा. मी आईला बसवलं. पाय टेकले. ऊठ म्हटलं, सोफ्याच्या हातावर जोर देऊन आपली आपण उठली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? मी नवऱ्याकडे बघितलं आणि त्यानं मान हलवली, ठरलं म्हणून.

आई सोफ्याभोवती एक फेरी मारून आली. "चांगलाय," म्हणाली. "पण हा हलवणार कोण?" नवरा म्हणाला, "हलवायचा कशाला? एका जागी राहील छान."  आई वळली आणि दुकानदाराला आपल्या निपाणीकडच्या कन्नडमध्ये म्हणाली, "बेत्तद कुर्ची ऐति एनप्पा?" तो म्हणाला, "इदे अम्मा, बन्नी," आहे, या म्हणून, आणि आत जाऊन वेताची खुर्ची घेऊन आला.

बेत्त. वेत. अण्णा, मी तिथेच मट्कन त्या सोफ्यावर बसले. आपल्या घरात वेताला बेत म्हणायचे, वेताच्या छडीला बेताची छडी म्हणायचे, आणि मी निपाणीची लेक, पुण्याची मराठी बोलून बोलून हे विसरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. नवऱ्याला समजावलं तेव्हा तो आधी हसत सुटला आणि मग त्यानं कपाळाला हात लावला, कारण ऑफिसात सांगितलेलं आता परत कसं घ्यायचं? पण चूक नुसती शब्दाची नव्हती. आईनं स्वतःसाठी काही मागितलं म्हणजे ते कमीच मागितलं असणार, असं मी धरून चालले होते. तिला कमी नको होतं. तिला तीच हवी होती.

तिनं खुर्ची एका हातानं उचलली, शटरमधून ऊन येत होतं तिथं नेऊन ठेवली आणि बसली. कुणाला विचारलं नाही, कुणाचा हात घेतला नाही. मग मला आठवली निपाणीच्या परसातली तिची वेताची खुर्ची. सकाळी चुलीच्या धुरापासून लांब, भाजी निवडायला दारात, दुपारी पेरूखाली, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की स्टुडिओच्या मागच्या दाराशी, तुम्ही भिंगं पुसत उभे आणि ती बोलतेय. दिवसभरात घरभर फिरायची ती खुर्ची. स्टुडिओतल्या त्या सोफ्यावर ती कधी बसल्याचं मला आठवत नाही.

खुर्ची आणली. बसणीची वीण एका कडेला सुटली होती, ती नीट करून घेतली. आता सकाळी ती पूर्वेच्या बाल्कनीत असते, दुपारी स्वयंपाकघराच्या दारात, मला भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून सांगायला. संध्याकाळी ती खुर्ची उचलते आणि फ्लॅटचं दार उघडं टाकून उंबऱ्याच्या आत बसते. समोरच्या फ्लॅटमधल्या म्हातारबाई लिफ्टची वाट बघता बघता थांबायला लागल्या. दोघींचं कन्नड वेगळं, एकीचं धारदार, एकीचं मऊ, पण सुनांच्या गोष्टींना काय अडतंय? आईला सून नाही, तरी तिचीही मतं आहेत. त्या बाई आमच्या चपलांच्या कपाटावर टेकतात.

परवा रात्री ताटं उचलताना आई म्हणाली, "आणखी एक आण तसली."

"कशाला?" मी विचारलं.

"त्या चपलांवर बसतात बिचाऱ्या. रोजच्या रोज बरं दिसतंय काय ते?"

रोजच्या रोज म्हणाली, अण्णा. मी दिवाळीचं नाव काढलं नाही. भांडी लावत राहिले, आणि नळ उगाच मोठा सोडला.

तेव्हा या रविवारी पुन्हा येलहंक्याला जायचंय, तिची दुसरी खुर्ची आणायला. नवरा म्हणतो, फोन करून मागवू, एवढ्या लांब कशाला? मी म्हटलं, बघून घेतलेलं बरं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. इतके दिवस आईसाठी, आईसाठी म्हणत ज्याच्यामागे धावले, तो सोफा खरं तर मला हवा होता. त्यावर आडवी झाल्यावर 'ऊठ' म्हणणारं कुणी नको होतं. तो हिरवा सोफा अजून गोदामातच असावा असं मला वाटतं, म्हणूनच फोन नको म्हटलं, आणि कुणी नेला असेल तर मी आईला काहीही सांगणार नाही.